उगारलेला हात

विंझर. मंगळवार, माघ, १९४३

शाळेच्या हस्तलिखितासाठी काढत असलेली चित्रकथा आज शेवटच्या चित्रावर अडली. परक्या ताऱ्यावरून आलेला, डोंगर उचलणारा बाप. आधी त्यानं पुरातून गाव वाचवलं, मग तेच गाव आपल्या लोकांसाठी बळकावायला निघाला. मुलगा आडवा आला. बापाचा हात वर गेला. पुढं काय?

संध्याकाळी दूध घालायला धनगरवाड्यावरच्या ठकूबाई आल्या. चित्राकडं बघतच राहिल्या. "मास्तर, ह्यो पोराला मारतूय का डोईवर हात ठेवतूय?"

"मारतोय."

"मला न्हाई तसं वाटत. बोटं बगा की, उघडी हायती."

खरंच उघडी होती. मूठ काढायची सोडून मी हे काय काढलं? हात तर माझ्या वडिलांचा, दादांचाच उतरलाय, वाकड्या करंगळीसकट.

भोंगवलीचं घर सोडलं त्या सकाळी दादांचा हात असाच वर गेला होता. आदल्या दिवशीच त्यांनी मला बडवलं होतं, म्हणून मी मान चुकवून तडक निघालो. परत गेलो तो थेट त्यांच्या दहाव्याला.

मूठ होती, की बोटं उघडी होती? किती वेळ आठवतोय.

मी वर बघितलंच नव्हतं.