मामाजींचा प्रचार

तीर्थस्वरूप कुंताताईच्या पायांवर धाकट्या शकुनचं डोकं.

तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचं बीपी उतरलं का? या दिवसांत कारध्याला नदीचं धुकं थेट घरात शिरतं, तेव्हा खिडक्या लावून घेत जा आणि भाऊजींना पहाटे पुलावर फिरायला सोडू नको. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. जे आहेत ते ठीक आहेत, आणि जे नाहीत ते कसे आहेत हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आहे.

फोन न करता पत्र काहून, असं तू म्हणशील. एक तर आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत आणि भिंती पातळ आहेत. दुसरं म्हणजे ताई, आवाजावर आता माझा भरवसाच राहिला नाही. उद्या माझ्या आवाजात तुला कोणी फोन केला तर तू काय करशील? माझं अक्षर मात्र तू ओळखतेस. (शाळेत याच अक्षरापायी मार खाल्ला, आज ते कामी येऊन राहिलं.)

मी झेडपीला उभी आहे हे तुला ठाऊकच आहे. व्हॉट्सअॅपवर माझं बॅनर आलं असेल. त्यातले जोडलेले हात माझे आहेत, चेहरा कोणाचा ते बनवणाऱ्याला विचार. इतकी गोरी मी हळदीच्या दिवशीही नव्हते. झालं असं की मुंबईत पक्ष फुटला तेव्हा आमच्या घरात वांग्याची भाजी होती. टीव्हीवर बातमी आली, आणि ताटावरून उठायच्या आत आमच्याकडेही फूट पडली. आमचे हे, मनिष, म्हणाले की विकास सरकारात आहे, म्हणून मी सरकारसोबत. धाकटे दीर प्रितम म्हणाले की निष्ठा विरोधात आहे, म्हणून मी विरोधात. दोघांचंही म्हणणं एकच होतं की बाबा असते तर माझ्याच बाजूनं असते. बाबा, म्हणजे आमचे सासरे भय्याजी (आम्हा सुनांचे मामाजी), तेव्हा नुकतेच गेले होते. जन्मभर ज्यांनी एक पक्ष आणि एक टोपी बदलली नाही, त्यांची अशी वाटणी झाली. पुढे झेडपीची आमच्या भागातली जागा महिलांसाठी राखीव निघाली, आणि दोन्ही भावांना आपापल्या खोलीतच एक कर्तबगार, तळागाळातली, लढाऊ महिला सापडली. यांना मी सापडले आणि प्रितमभाऊजींना त्यांची बायको मोना. मला आणि मोनाला ही बातमी पेपरात वाचायला मिळाली.

सकाळी मी आणि मोना एकाच गंजात भात शिजवतो. मग ती खालच्या गल्लीत जाते, मी वरच्या गल्लीत, एकमेकींचा खरा चेहरा जनतेपुढे आणायला. दुपारी परत आली की माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते ती मला सांगते, म्हणजे मला उत्तर तयार करायला सोपं जातं. इथवर सगळं बरं होतं. मग यांनी नागपूरची ती कंपनी आणली.

ही कंपनी मेलेल्या माणसांना बोलतं करते. म्हणजे त्यांच्या जुन्या भाषणांवरून संगणक आवाज शिकतो आणि मग आपण लिहून देऊ ते बोलतो. एका सकाळी धुकं इतकं होतं की आंगणातला धानाचा ढीगही दिसत नव्हता. मी चुलीपुढं होते, मोना पीठ मळत होती. तेवढ्यात रस्त्यावरून कोणी खाकरलं. मामाजी बोलायच्या आधी खाकरायचे तसं, तंबाखू गालात सरकवल्यासारखं. आणि मग मामाजींचाच आवाज, "राम राम मंडळी, मी भय्याजी बोलून राहिलो." ताई, माझा हात आपोआप डोक्यावर गेला आणि मी पदर घेतला. वळून बघते तर मोनानंही घेतलेला, पिठाच्या हातानं. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या, आणि बाहेरून मामाजी सांगताहेत की माझ्या मोठ्या सुनेला, शकुनबाईला, भरघोस मतांनी निवडून द्या. हयातीत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

ऑटोवर भोंगा लावलेला होता, एवढंच. पण चहाच्या टपरीवर बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली म्हणतात. आमचा काळा कुत्रा मामाजी गेल्यापासून ओसरीवरून हलत नव्हता, तो त्या ऑटोच्या मागं मागं दिवसभर फिरला आणि संध्याकाळी पाय सुजवून आला. सासूबाई तेवढ्या खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या, त्या फोडत राहिल्या.

प्रितमभाऊजी थोडेच मागे राहणार! त्यांनी दुसरी कंपनी गाठली. आता गावात दोन ऑटो आणि दोन मामाजी. एक म्हणतो शकुन, दुसरा म्हणतो मोना. एक म्हणतो सरकारनं सोन्याचा धूर काढला, दुसरा म्हणतो सरकारनं वाटोळं केलं. आणि दोघंही आधी तसंच खाकरतात. (मोनाच्या मामाजींचा आवाज थोडा जास्त गोड होता. मी यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, आपला ओरिजनल आहे.)

मग आवाज बिघडू लागला. बिघडला म्हणजे फाटला नाही, सुधारला. आमचा ऑटोवाला भैय्यालाल संध्याकाळी घाबराघुबरा येऊन यांना म्हणाला, "भाऊ, रेकॉर्डिंग कोणं बदलवली?" झालं असं की शेतकरी भवनासमोर मामाजींनी सगळं ठरल्याप्रमाणं सांगितलं, आणि शेवटी "विजयी करा" म्हणायच्या जागी थोडं थांबून म्हणाले, "खरेदी केंद्र काहून नाही उघडलं रे आतापर्यंत? धान आंगणात भिजून राहिलं." यांनी भैय्यालालला वाटेल ते बोलून घेतलं. प्रितमभाऊजी मनातल्या मनात हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच ऑटो बाजारात म्हणाला, "अन् तुमच्या राज्यात तं वेळेवर उघडत होतं काय?" दोन्ही कंपन्यांना फोन झाले. दोन्हींनी सांगितलं की असं वाक्य आमच्याकडे नाहीच. भैय्यालालनं ऑटोला लिंबू-मिरची बांधली. मला सांग, आतून येणाऱ्या आवाजाला बाहेर बांधलेली मिरची काय करणार?

आता मुख्य सांगते. तलावाची पाळ तू पाहिली आहेस, बैलगाडी आली तर माणसाला खाली उतरावं लागतं. परवा सकाळी, असंच धुकं असताना, त्या पाळीवर दोन्ही ऑटो समोरासमोर आले. मागे कोणी घेईना. दोन्ही ऑटोवाले खाली उतरून भांडू लागले, आणि वर भोंगे चालूच. एक मामाजी म्हणतो माझा खरा वारस मनिष, दुसरा म्हणतो प्रितम. एक खाकरला की दुसरा खाकरतो. सगळं गाव पाळीवर जमलं. हे आणि प्रितमभाऊजी एकमेकांच्या कॉलरला हात घालायच्या बेतात. मी आणि मोना मागं उभ्या, पदर घेऊन, कारण काय करावं ते सुचेना आणि सासरे दोन्हीकडून बोलत होते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सासूबाई आल्या. नवरा गेल्यापासून त्या पाळीवर आल्या नव्हत्या. काठी टेकत दोन्ही ऑटोंच्या मधोमध उभ्या राहिल्या. आधी या भोंग्याकडे पाहिलं, मग त्या भोंग्याकडे. म्हणाल्या, "हा बी नाही नं तो बी नाही. बंद करा."

भैय्यालालनं बंद केला. दुसऱ्यानंही केला. ताई, तलावावर अशी शांतता पसरली की पाण्यात बदक बुडी मारतं ते ऐकू यावं. आणि त्या शांततेत पाण्याच्या बाजूनं, धुक्यातून, कोणीतरी खाकरलं.

"मंदे, घरी चाल. गार लागंल."

एवढंच. भोंग्यातून येतो तसा आवाज नाही, शेजारच्या माणसानं बोलावं तसा. सासूबाईंना "मंदे" म्हणणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं, आणि तेही चारचौघांत कधी नाही, घरातल्यांनीच चोरून ऐकलेलं. भैय्यालाल दोन्ही हात वर करून उभा, जणू बंदूक रोखली आहे. काळा कुत्रा पाण्याकडे तोंड करून शेपूट हलवत होता.

सासूबाई घाबरल्या नाहीत. काठी हातात सावरली, "आली जी" म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या. रस्त्याच्या मधून नाही, एका कडेनं, दुसऱ्याला जागा सोडून. मी आणि मोना मागं. आमच्यापैकी एकीचाही पाय त्यांच्या पुढं पडेना.

मागं दोन्ही भावांनी काय केलं विचारशील. यांनी प्रितमभाऊजींवर आरोप केला की पाण्याकाठच्या बेशरमच्या झाडीत तिसरा भोंगा लपवला, त्यांनी यांच्यावर केला. मग दोघं मिळून गुडघाभर चिखलात शोधत राहिले. पक्ष फुटल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. सापडलं काही नाही. तेव्हापासून दोघंही ऑटोचं नाव काढत नाहीत, जेवताना एकमेकांना भाजी वाढतात आणि बोलत नाहीत. भंडाऱ्याहून दोन्हीकडचे पुढारी मात्र येऊन गेले. यांच्या पुढाऱ्यानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं की भय्याजी लाखांदूरच्या सभेत दोन शब्द बोलतील काय. सासूबाई म्हणाल्या, "थे आता कोणाच्या सभेत जात नाहीत." मग दुसरा पुढारी आला. तो हळूच म्हणाला, आमच्याकडे नाही बोलले तरी चालेल, फक्त समोरच्यांच्या सभेत बोलायला नाही म्हणाले एवढं जाहीर करा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सासूबाईंना पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं, मामाजी वाटेत काही म्हणाले काय? त्यांनी पाणी पिऊन होऊ दिलं. मग म्हणाल्या, "उपाशी आहेत बापा थे. वर्षश्राद्धाचं पान कोणं मांडलं?"

ताई, कोणीच मांडलं नव्हतं. दोघा भावांना आपापल्या गटाचा भव्य कार्यक्रम करायचा होता, मुंबईचे नेते बोलवायचे होते. यांच्या नेत्याची तारीख मिळेना, प्रितमभाऊजींच्या नेत्याची मिळाली आणि रद्द झाली. मंडप बांधायचा की नाही यावर वाद, फोटोखाली कोणाचं नाव यावर वाद. या सगळ्यात तो दिवस निघून गेला. गावोगाव ज्यांचे पुतळे उभारायच्या गोष्टी चालल्या होत्या, त्यांना घरात भाताचा घास मिळाला नाही, आणि तो शिजवणाऱ्या आम्ही दोघी असून आमच्याही लक्षात आलं नाही.

आता फार लिहीत नाही. मोना भाताला हाक मारून राहिली आहे आणि दुपारी आम्हाला एकमेकींविरुद्ध सभा आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
शकुन

ता. क. मुख्य काम राहिलंच. येत्या अमावास्येला कारध्याच्या घाटावर श्राद्धाची सोय करून ठेव. चांगला गुरुजी बघ, पण कोणत्याही पक्षाचा नसावा. (मिळेल ना?) सासूबाई, मोना आणि मी सकाळच्या एसटीनं येतो. दोन्ही भावांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर बॅनर घेऊन येतील.

ता. क. दुसरं. मतदानाचं आमचं ठरलं आहे. मी मोनाला देणार, मोना मला. यातून जनतेनं काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

ता. क. तिसरं. घाटावरून तुझ्याकडेच जेवायला येऊ. आम्ही तिघीच आहोत, पण सासूबाई आत्ता माझ्या मागं उभं राहून सांगताहेत की चार पानं मांडायला लिही, आणि एका पानावर तिखट कमी वाढ, त्यांना पहिल्यापासून सोसत नाही.