बसमधली भुई

नौपाडा, ठाणे
१८ जून १९५६

चि. सहदेव यास,
गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घर तयार आहे, फक्त जमीन तेवढी राहिली, असं तू लिहितोस. अरे, जमीन सोडून घर तयार म्हणजे काय, हे दोन दिवस माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी रविवारी ह्यांना विठ्ठलवाडीला पाठवलं. परत आले ते टोपीसुद्धा न काढता हसत बसले. म्हणाले, बाकं काढली तिथं पत्र्याला भोकं आहेत आणि एका भोकातून खाली बसलेली कोंबडी दिसते.

तू रस्त्याच्या कंत्राटदाराकडे फिटर. काम सरकेल तसा तुझा मुक्काम सरकणार, दर सहा महिन्यांनी नवी खोली कोण देणार, म्हणून मोडीत निघालेली बस घेऊन तिचंच घर करायचं, इथवर मला पटलं होतं. मालनला आई नाही म्हणून तिचं बाळंतपण मी केलं, तेही हौसेनं केलं. पण तीन महिन्यांची शालू मी कोंबडी दिसणाऱ्या पत्र्यावर पाठवणार नाही. तू दिवसभर रोलरखाली आडवा असतोस, तुला जमीन म्हणजे पाठ टेकायची जागा. आम्हां बायकांचा जन्म जमिनीवर जातो. स्वयंपाक तिथं, जेवण तिथं, पोरीचं न्हाणं, रांगणं, पडणं तिथंच. तेव्हा धुता येईल, गार पडणार नाही आणि वर्षानुवर्षं टिकेल अशी जमीन कर आणि मग बोल.

मालन बरी आहे. शालू आवाजाकडे मान वळवायला लागली, त्यातही माझ्या आवाजाकडे जास्त.

कामात हयगय नको आणि पत्र पाठवण्यात तर मुळीच नको.
तुझी,
गोदूताई


विठ्ठलवाडी
२ जुलै १९५६

तीर्थरूप सौ. गोदूताईस,
सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

कोंबडी शेजारच्या आवडाबाईंची होती. दाजींनी तिचं वर्णन जरा वाढवून केलेलं दिसतं. भोकं बुजवली, वर फळकुटं ठोकली आणि त्यावर लिनोलियम घातलं. लष्करी छावणीच्या लिलावातला माल आहे, हिरवागार. चार बादल्या पाणी ओतलं, थेंब खाली गेला नाही. ड्रायव्हरच्या मागं स्टोव्हचा ओटा, मधे बसाउठायची जागा, मागं फडताळ आणि दाराला आडवी फळी, शालू पडू नये म्हणून. तुकडा दाजींबरोबर पाठवतो, तूच पारखून घे.

ताई, दिवाळी झाली की आमचा मुक्काम शहापूरकडे हलणार. तिथून ठाण्याला येणं महिन्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ. त्याआधी पोरगी माझ्याजवळ यावी, मला ओळखावी, एवढंच माझं मागणं आहे. आजवर दोनदा पाहिली, दोन्ही वेळा झोपलेली होती. श्रावणात पाठवशील ना? मालनला वेगळं पत्र लिहिणं तुझ्या घरात बरं दिसत नाही, म्हणून तुलाच विचारतो.

तुझ्या रागासकट लोभ असू दे.
तुझा,
सहदेव


नौपाडा, ठाणे
१० जुलै १९५६

चि. सहदेव यास, अनेक आशीर्वाद.

तुझा हिरवा तुकडा चुलीपुढं अंथरला. स्वयंपाक म्हटला की तेल सांडणार आणि पोर म्हटलं की पाणी होणार, म्हणून दोन्ही शिंपडलं आणि चालून पाहिलं. आता कंबरेला हळदीचा लेप लावून हे पत्र लिहिते आहे. वर एक निखारा पडला तर असा वास सुटला की शेजारच्या रंगूबाई कोणाचा जोडा जळतो म्हणून विचारायला आल्या. असल्या निसरड्या गालिच्यावर मालन कडेवर पोर घेऊन वावरणार, आणि तेही तू बस हाकत असताना. विचार करतोस की नाही?

आणखी एक. श्रावणात शालूला पाचवा महिना लागतो. पाचव्यात लेकराला पहिल्यांदा भुईवर बसवतात, पृथ्वीची पूजा करून हिला सांभाळ म्हणून सांगतात. तुझ्या बसमध्ये पृथ्वी आहे कुठं? सारवता येईल अशी मातीची जमीन असती तर मी डोळे मिटून पाठवली असती. आईच्या हातची मातीची जमीन आपल्या तिन्ही भावंडांना पुरून उरली. तुम्हां यंत्रवाल्यांना आयतं सुचत नाही ते हेच.

मालन हल्ली चांगली जेवते. शालूला मांडीवर घेतलं की माझ्या मंगळसूत्राशी खेळते.

तुझी,
गोदूताई


विठ्ठलवाडी
७ ऑगस्ट १९५६

तीर्थरूप सौ. गोदूताईस, शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या शब्दाखातर मातीची जमीन केली. काय झालं ते इतरांकडून कळण्याआधी मीच सांगतो.

धाकू मिस्त्री म्हणाला होता की माती ही एका जागी राहणाऱ्या घराला, हिंडणाऱ्याला नव्हे. मी ऐकलं नाही. खाली मुरूम, वर पांढरी माती, असा वीतभर थर दिला. आठ दिवस चोपला. कामावरच्या तुळसाबाईंनी शेणानं सारवून कडेला रांगोळीची ओळसुद्धा ओढली. चार दिवस ती जमीन इतकी देखणी होती की मी चपला बाहेर काढून आत जायचो.

पाचव्या दिवशी गाडी सुरू केली. मातीच्या वजनानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे केव्हाच सपाट झाले होते, ते मला दिसले नव्हते. मागची चाकं निम्मी चिखलात. शेवटी रोड रोलरला साखळी बांधून बस ओढून काढली, आणि पहिल्याच हिसक्याला दारापासून स्टिअरिंगपर्यंत सगळी जमीन तडकली. दोन दिवस मी घरातून माती उपसत होतो. माणसं येताजाता विचारतात की भात लावलं होतं की नाचणी.

ताई, मी चिडलो आहे आणि ते लपवत नाही. पत्रा गार, लिनोलियम निसरडं, माती जड. आता तूच एका ओळीत लिही की कोणती जमीन केली म्हणजे माझी बायको आणि मुलगी घरी येतील.

तुझा,
सहदेव


नौपाडा, ठाणे
१५ ऑगस्ट १९५६

चि. सहदेव यास, आशीर्वाद.

सारवण्यापुरती माती म्हटली होती, शेत भर म्हटलं नव्हतं. वीतभर थर घालताना तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती? हे तर पत्र वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शालूला भुईवर बसवण्याचा विधी परवा इथंच उरकला. मुहूर्त चांगला होता, तुला कळवायला सवड झाली नाही. माझ्या स्वयंपाकघरात पाटाशेजारी बसवली, तर दोन्ही हात टेकून मोठ्या बाईसारखी बसली. तू असतास तर बरं झालं असतं.

सागाच्या फळ्या लाव म्हणजे झालं.

तुझी,
गोदूताई


विठ्ठलवाडी
१८ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप सौ. गोदूताईस, नमस्कार, वि. वि.

मुलीला पहिल्यांदा भुईवर बसवलं आणि बापाला ते तीन दिवसांनी पत्रातून कळलं. विठ्ठलवाडी काही विलायतेत नाही, ताई. एक कार्ड टाकलं असतंस तरी मी कपड्यांच्या काळ्या डागांसकट आलो असतो. हे मनात ठेवून तुझ्याशी गोड लिहिता येत नाही, म्हणून लिहून टाकलं.

सागाची जमीन झाली. एका जुन्या बंगल्याची दारं मोडली, त्यांच्या फळ्या. धाकूनं एकीची कड दुसरीच्या खाचेत अशी बसवली आहे की मधून सुई जात नाही. वर तीन हात जवस तेल दिलं, तेही सुकलं. सोबत तेवढ्याच जाडीचा तुकडा पाठवतो. ओत, जाळ, आपट, काय करायचं ते कर. मग निघायचा दिवस कळव.

तुझा,
सहदेव


नौपाडा, ठाणे
२६ सप्टेंबर १९५६

चि. सहदेव यास, आशीर्वाद.

तुकडा पाहिला. सागाला कुसळं असतात, ती पोरीच्या गुडघ्यात जातील. खाचेत भाताची शितं अडकतील आणि मुंग्या लागतील. तेलाचा वास अजून येतो. पुन्हा एकदा नीट घासून घे, घाई करू नकोस. एवढे दिवस थांबलास, आणखी थोडे.

गोदूताई


विठ्ठलवाडी
९ ऑक्टोबर १९५६

ताईस नमस्कार.

तीनदा घासली. त्या जमिनीवर मी स्वतः गुडघ्यांवर रांगलो, सगळ्या मुक्कामासमोर. कुसळ नाही. मुंग्या येतील तेव्हा येतील, त्या ठाण्यातही आहेत.

परवाच्या रविवारी तुझ्याकडे आलो, शालूला उचललं तर ती किंचाळून रडली आणि तुझ्याकडे झेपावली. तू तिला घेतलंस आणि हसलीस.

आठ नोव्हेंबरला आम्ही शहापूरला निघतो. जमिनीत खोट आहे की माझ्यात, ते मला साफ सांग.

सहदेव


नौपाडा, ठाणे
१७ ऑक्टोबर १९५६

चि. सहदेव यास,
पोटभर आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी क्षमाही मागते.

खोट तुझ्यात नाही, सागात नाही. तू पाठवलेल्या तुकड्यावर मी उकळतं पाणी ओतलं, निखारा ठेवला, वरवंटा आपटला. नुसता डाग पडला, तोही पुसला गेला. तळहात उलटासुलटा फिरवून कुसळ शोधलं, सापडलं नाही. मग बसून तुला कुसळं असतात म्हणून लिहिलं.

लग्नाला सोळा वर्षं झाली. या घरात काही सांडत नव्हतं, काही फुटत नव्हतं. हे कचेरीत गेले की संध्याकाळपर्यंत ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी असायची. आता पोर माझ्या पायांत येते, मी तिच्यावर खेकसते, आणि मला ते हवं आहे. पहिल्यांदा पत्र्याला नावं ठेवली ती खरी काळजी होती. लिनोलियमवर घसरले तेही खरं. पण मातीचं लिहिलं तेव्हा मला ठाऊक होतं की मी तुला न होणारं काम सांगते आहे. आणि मुहूर्ताचं कळवलं नाही ते सवड नव्हती म्हणून नव्हे. तू आलास तर तिला घेऊन जाशील, ही भीती.

मालनला मी दर वेळी सांगत आले की जमीन अजून ओली आहे. ती बिचारी मान डोलवून कामाला लागायची. तिला आजच खरं सांगणार आहे. भाऊबीजेला ये, ओवाळून घे आणि दोघींना घेऊन जा. मी पुन्हा काही काढलं तर ऐकू नकोस.

चुकलेली,
गोदूताई


मु. शहापूर
१४ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप सौ. वन्संस,
मालनचा वाकून नमस्कार, वि. वि.

आम्ही खुशाल पोचलो. वाटेत स्टोव्हच्या ओट्यावरून डाळीचा डबा कलंडला, एवढंच. जमीन छान आहे, पुसली की झटकन सुकते. शालू दारापासून ड्रायव्हरच्या जागेपर्यंत रांगते, तिथं ह्यांचे पाय सापडतात, ते धरून उभी राहायला बघते. तीन दिवस हे हात पुढं करायचे आणि ती तोंड फिरवायची. काल आपणहून गेली. ह्यांना त्यानंतर कामावर जायला उशीर झाला आणि मुकादमाची बोलणी बसली.

निघण्याआधी तुम्ही माझा हात धरून माफी मागितलीत, तेव्हा एक सांगायचं राहिलं. आता लिहिते. वन्सं, ह्यांची पत्रं तुम्ही मिठाच्या बरणीमागं ठेवायचात. मी ती सगळी वाचली होती. तुम्ही जमीन ओली आहे म्हणालात, त्याच्या आदल्या दिवशीच मी जमीन सुकल्याचं वाचलं होतं.

एक शब्द बोलले असते तर दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं, तुम्ही अडवलं नसतं. पण आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मीच सगळ्यांना वाढत आले. मला समोर बसवून, ताटाकडे बघत, आणखी घे म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. तुमच्याकडे आठ महिने भेटलं. इकडे हे माझ्या लेकीसाठी गुडघ्यांवर रांगत होते आणि तिकडे मी तुमच्या हातची भाकरी खात गप्प बसले होते. ह्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही, धीर झाला की सांगेन.

म्हणून सगळा दोष तुमच्या एकटीच्या माथी घेऊ नका. अर्धा माझा आहे.

तुमचा लोभ मी भरपूर घेतला आहे, तरी तो कमी करू नये.
आपली,
मालन