दाराजवळचं पाणी

रावीनियाताई,

आपण चुलत बहिणी, आणि पंचेचाळीस वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही. चूक माझी आहे.

शवविच्छेदनाच्या वर्गात आपण दोघीच माओरी. आपल्या रीतीप्रमाणे मृतांजवळून बाहेर पडताना अंगावर पाणी शिंपडायचं, म्हणून तू दाराशी वाडगा ठेवायचीस. बार्करसर सँडविच चघळत म्हणाले, "काय बाईसाहेब, मुडदे उठून पाणी पिणार आहेत?"

"ते नाही पिणार, सर. पण तुम्ही त्यांच्यासमोर खाऊ तरी नका."

सगळा वर्ग तुला हसला. मीही हसले. त्याच आठवड्यात तू शिक्षण सोडून गावी, गिझबर्नला गेलीस. मी प्राध्यापक झाले. वसतिगृहात तू पाव तळायचीस, त्याचा वास मात्र आमच्या मजल्यावर पुन्हा कधी आला नाही.

आता विभागाने त्याच दाराशी नळ बसवला आहे. 'ही प्रथा येथे सुरू करणाऱ्या' असं लिहून पाटीवर माझं नाव कोरलं होतं. मी पाटी परत पाठवली, तुझं नाव कळवलं.

"या कोण?" नव्या प्रमुखाने विचारलं.

"माझी ताई. तिला हसणाऱ्यांत मी होते."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, स्वतःच घेऊन येईन. आपल्यात माफी समोर बसून मागतात. शनिवारच्या बसने गिझबर्नला येते आहे. तू हवं तेवढं बोल.

मेरेआना