आईच्या पेशींची चाल

बर्गन, ४ ऑक्टोबर

ती. सिगवार्टदादास,
गुनवोरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे पाऊस, म्हणजे सगळं ठीक. ओसहिलवहिनीनं पाठवलेलं तपकिरी चीज पोचलं. प्रयोगशाळेत नेणार होते, पण एकटीनंच संपवलं.

आता कामाचं. आईच्या पायाची न भरलेली जखम आठवते ना? तेव्हा घेतलेला तिच्या कातडीचा तुकडा रुग्णालयानं गोठवून ठेवलाय. त्यातल्या पेशी अजून जिवंत आहेत, दादा! माझं काम तुला ठाऊकच आहे. जखमेच्या काठावर पेशी सरकतात, त्यांचं चित्रण करायचं, प्रत्येकीच्या दिशेला एक बाण काढायचा आणि शेजारणींचे बाण कुठवर जुळतात ते गणितानं शोधायचं. आईच्या पेशींचं काय बिनसलं होतं, ते कदाचित कळेल. पण त्याला आपल्या दोघांची संमती लागते. देशील?

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
गुनवोर

बेटावरून, १५ ऑक्टोबर

चि. गुनवोर हिस,
अ. उ. आ.

मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. एक लंगडतेय, तिचेही बाण काढ.

संमती मात्र मिळणार नाही. तू शिकायला गेलीस, पट्ट्या मी बदलल्या. आई रोज विचारायची, भरतेय का रे, आणि मी रोज हो म्हणायचो. तिला पुरलं तेव्हा वाटलं, सुटली एकदाची. आता तू म्हणतेस, ती काचेच्या बशीत आहे. मेलेल्या माणसाला तुम्ही स्वस्थ पडू देणार की नाही? ओसहिल म्हणते, फार कडक लिहिलंय. असू दे.

लोकरी मोजे घालत जा. माया कमी झालेली नाही.
दादा

बर्गन, २ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. आई मला फोनवर सांगायची, सिगवार्ट खोटं बोलतो, पण काय गोड बोलतो! आणि इथल्या रुग्णालयात तिला तपासायला आणलं, तेव्हा तो तुकडा तिनं स्वतःहून दिला, मी शेजारीच उभी होते. डॉक्टरांना म्हणाली, घेऊन जा बाबा, मला तर उपयोग नाही, कुणाच्या तरी पायाला होईल. वॉर्डात आजही तसे पाय आहेत, दादा.

तू ये. डोळ्यांनी बघ, मग काय ते ठरव. नाही म्हणालास तर पुन्हा विषय काढणार नाही.

वाट पाहते. प्रेम असू दे.
गुनवोर

बेटावरून, २० जानेवारी

चि. गुनवोर हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बोट इतकी हलली, की तू बांधून दिलेला डबा समुद्रालाच अर्पण झाला.

सही करून आलो ते बरंच झालं. पडद्यावर त्या पेशी सरकताना पाहिल्या. तू म्हणालीस, वेग निरोगी पेशींइतकाच आहे, पण शेजारणींची दिशा जुळत नाही, म्हणून काठ पुढे येत नाही. मी म्हणालो, ही तर आपली ग्रामसभा! तू हसलीस. मला रडू येत होतं, म्हणून तो विनोद. इतकी वर्षं वाटायचं, माझ्याच हातून काही चुकत असेल, जखम धुवायचं पाणी नीट उकळत नसेन. पक्कं म्हणायला अजून पुष्कळ काम आहे असं तू बजावलंस, ते लक्षात आहे. पण मला तेवढंही पुरे.

परतताना बोटीत एका बाईनं विचारलं, बर्गनला कुणाकडे गेला होतात. आईकडे, म्हणालो. ती म्हणाली, बऱ्या आहेत ना? मी म्हणालो, हो, चालतेय.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा