झावळ्या काढायची वेळ

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
१२ डिसेंबर

प्रिय दिनानाथ,

माझा जय येशू आणि तुझा राम राम, दोन्ही एकत्रच घे. आनंदीवहिनींना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? मी इकडे मजेत आहे. स्टीवन आणि सूनबाई कॅरल, दोघंही माझी फार काळजी घेतात.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि मी फोन घेतला की घरातले सगळे समोर येऊन बसतात, म्हणून लिहितोय. आपली जुलियाना भुईगावाहून भाजी घेऊन इथे गेटपाशी बसते. कॅरल तिच्याकडे मेथी निवडत असताना हे हळूच टोपलीत सरकवणार आहे. या वयात चोरून चिठ्ठ्या पाठवायची वेळ आली. हस आता.

आधी कामाचं. विहिरीजवळच्या माझ्या वाफ्यात सब्जा, पुदिना आणि पानओवा आहे. थंडी उतरली की सब्जा सगळ्यांत आधी मान टाकतो. उन्हं गेली की विहिरीचं पाणी मुळाशी दे, या दिवसांत ते कोमट असतं. मग काठ्यांचा आधार देऊन वर झावळ्या घाल, पानांना टेकू देऊ नकोस. सकाळी ऊन आलं की लगेच काढ. तुला हे ठाऊक आहे, पण तू पेपर संपेपर्यंत उठत नाहीस, म्हणून सांगतो.

इथे कॅरलनं हौसेनं खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांत सब्जा लावला होता. मागच्या आठवड्यात गार वारं सुटलं तशी तिनं रोपांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. चांगल्या मनानंच चढवल्या. पण दिवसाही काढल्या नाहीत. "पप्पा, आता सेफ आहेत ती," म्हणाली. आत पाणी सुटलं आणि पानं काळी पडली. तिला वाटतं, थंडी बाधली. मी स्वेटर, कानटोपी, पायमोजे घालून बंद खिडकीच्या आत बसलो होतो.

मजेत आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. छातीत कफ झाला म्हणून मला इथे आणलं, ती साफ झाल्याचं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं. तरी मी एकटा लिफ्टनं खाली गेलो की वॉचमन उठून उभा राहतो. "अंकल, बैठो ना," म्हणत स्वतःची खुर्ची देतो आणि वर फोन लावतो. रविवारी पिशवीत एक सदरा घालून मी भुईगावला यायला निघालो होतो. गेटपर्यंत पोचलोही. कॅरल पिठाच्या हातांनी धावत आली आणि माझ्यासमोर रडायला लागली. बोल लावले असते तर भांडलो असतो. रडणाऱ्या पोरीशी काय भांडणार? मुकाट्यानं वर आलो.

संध्याकाळी स्टीवन म्हणाला, "पप्पा, थंडीचा प्रश्नच नाही. आता तुम्ही इकडेच राहायचं. तिकडे एकटे काय करणार?"

"शेजारी दिनानाथ आहे की."

तो मग म्हणाला, "दिनूकाकाच बोलले मला. तुम्हाला परत पाठवू नको म्हणून."

दिनानाथ, हे लिहायला तर कागद घेतला होता, आणि सब्ज्याचं पुराण लावून बसलो.

त्या सकाळी झावळ्या काढायला गेलो, चक्कर आली, आणि विहिरीच्या काठाशी तू मला पडलेला पाहिलास. तू नसतास तर एव्हाना चर्चमागे माझ्यावर माती पडली असती. तू घाबरलास, स्टीवनला बोलावलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण मला न विचारता कायमचं? मला तुझा राग आलाय. फार राग आलाय. इथे कुणी वाईट वागवत नाही, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही. समोरच्या इमारतीच्या खिडकीत एक म्हातारा बसलेला असतो. आम्ही ग्रिलमधून एकमेकांना हात करतो. त्याचं नावही मला माहीत नाही.

आपल्या दोन्ही वाड्यांत एक रीत आहे. संध्याकाळी ज्यानं झावळी घातली, सकाळी त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं ओढली की शेंडा मोडतो, कारण खाली कोंब कुठे आहे ते घालणाऱ्यालाच माहीत असतं. तुझ्या वडिलांनी आपल्या दोघांचे कान धरून शिकवलं होतं ते.

स्टीवन माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल, तुझंच ऐकून त्यानं मला ठेवून घेतलंय. ऐकू येत नाही ही सबब सांगू नकोस, त्याला बोलावताना आलं होतं. त्याला सांग, पप्पांना नाताळच्या आधी घरी आणून सोड. मी विहिरीपाशी एकटा जाणार नाही, तुला हाक मारूनच जाईन. शब्द देतो.

सांगणार असलास तर जुलियानाबरोबर माझ्या वाफ्यातल्या पुदिन्याची एक जुडी पाठव. नसलास तर काही पाठवू नकोस, मी समजेन. रोज कॅरलबरोबर खाली जाऊन टोपलीत बघत राहीन, तेवढंच.

इथे ऊन केव्हाच आलंय, दिनानाथ.

तू झाकून ठेवलेला,
आलोशियस