घरच्यांचा ढीग

आप्पा, धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. आहेराच्या साड्यांची यादी माझ्याकडे आलीय, कारण विश्रामबागच्या ऑफिसात मी दिवसभर हेच करते. नावं भरायची, कोण कुठल्या गटातलं ते शेजारच्या रकान्यात लिहायचं आणि पिव्होट टेबल लावायचं. भावकीला किती, पाहुण्यांना किती, शेजाऱ्यांना किती, गटागटाची बेरीज लगेच समोर येते.

तुम्ही हेच काम स्वयंपाकघरात घोंगडीवर बसून करायचात. आत्याचं लग्न आहे, आई चुलीपाशी, तुमच्यापुढे साड्यांचे ढीग, आणि मी विचारतेय, माझा ढीग कुठला? तुम्ही हसता. "आगं, तू घरची हायस. घरच्यांचा ढीग नसतोय." फार मिरवलं मी ते. सासरी गेले तरी मनात तेच धरून होते.

मग एक दिवस पलूसच्या कचेरीत तुम्ही हक्कसोडपत्र पुढे केलंत. सही केली की जमिनीवरचा माझा हक्क संपणार होता. मी म्हटलं, "आप्पा, मी घरची न्हवं व्हय?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "आता तू पावनी. कर सही, मागं लोकं खोळंबल्यात." येताना दुकानात थांबून मला हिरवी साडी घेतलीत, बहिणीनं सही केली की घेतात तशी. जमिनीचं मला एवढं लागलं नाही. पण तुम्ही मला फसवलंत, आप्पा. माझा ढीग पहिल्यापासून होता, फक्त मला दाखवला नव्हता. ती साडी मी एकदाही नेसले नाही.

आज धाकट्याचा फोन आला. "अक्का, तुझी साडी पावन्यांत धर बरं का, बेरीज चुकाय नको." बिचाऱ्यानं सहज म्हटलं. तुमचंच शिकलाय तो. पाहुणे लिहायला माझा हात धजेना, आणि घरचे असा गट त्याच्या यादीत नाहीच. माझ्या नावापुढचा रकाना तसाच सोडून मी बेरीज काढली. सगळ्या गटांच्या खाली एक जादा ओळ आली: ब्लँक, एक साडी.

उद्या यादी धाकट्याला द्यायचीय. हे पत्र कुणालाच द्यायचं नाहीय. इतका राग आहे तुमच्यावर, आणि तरी त्या रकान्यात काय लिहू, ते मी तुम्हालाच विचारतेय.