धाकट्याला फोटोतून काढण्याची सेटिंग

४ मार्च, सोमवार
आजपासून धाकट्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही. भाऊ कसला, वैरी आहे. आई दोन वर्षं त्याच्याकडे राहते, तर सगळ्या नातेवाइकांना वाटतं हाच एक गुणाचा. मी काय रस्त्यावर पडलो होतो?
रविवारी आईची पंचाहत्तरी. हॉल मी घेतलाय. स्टेजवर उभा बॅनर, आठ फुटी. त्यावर आई आणि मी. दोघंच. मग सगळ्यांसमोर विचारणार, आई, आता माझ्याकडे येतेस ना? नाही कसं म्हणेल?

५ मार्च, मंगळवार
आईचा हसरा फोटो अख्ख्या घरात एकच. ताईने मागे सगळ्यांना पाठवलेल्या पत्राच्या डॉक्युमेंटमध्ये चिकटवलेला. मूळ फोटो तिच्या हरवलेल्या फोनबरोबर गेला.
मध्ये आई, एका कडेला मी, दुसऱ्या कडेला तो. दात काढून. माझे डोळे जरा मिटलेत, पण त्यात भारदस्तपणा आहे.
डॉक्युमेंटमध्येच क्रॉप मारला. धाकटा गायब! काळजात गार वाटलं. फक्त आईच्या खांद्यावर त्याचा पंजा उरला. हलकट. पंजावर गुलाबाचं चित्र ठेवलं. आता कुणाच्या बापाला कळणार नाही. (बाप आमचा एकच. तो असता तरी त्याला कळलं नसतं.)

६ मार्च, बुधवार, संध्याकाळी
बॅनरवाला शिष्ट आहे. डॉक्युमेंट चालणार नाही म्हणे, फोटो वेगळा सेव्ह करून पाठवा. बायको म्हणाली, सरळ स्क्रीनशॉट घ्या. मी म्हटलं, स्क्रीनशॉट आळशी लोक घेतात.
जेपीजी की पीएनजी? तासभर अभ्यास केला. पीएनजी. कॉम्प्रेशन शून्य. साइझ चौपट. एवढं झाल्यावर कॉम्प्युटर विचारतो, मूळ चित्र सेव्ह करू की बदललेलं? हा काय प्रश्न झाला! बदललेलं म्हणजे भेसळ. मूळ ते मूळ.
बायकोने मागून नाक खुपसलं. म्हणे, मूळ म्हणजे न कापलेला, भाऊजी परत येतील. तिला सांगितलं, तू तुझं बघ. हिला भाऊजींचा भारी पुळका.

७ मार्च, गुरुवार
फाइल उघडेना. कॉम्प्युटर दोनदा गोठला. बायको म्हणे, एकदा बघा तरी, मग पाठवा. अगं, उघडत नाही हाच क्वालिटीचा पुरावा. पाठवून दिली. सोबत लिहिलं: आई आणि मुलगा, दोघंच हवेत. कडेचं जास्तीचं असेल ते बिनधास्त काप.
दुपारी बॅनरवाल्याचा फोन. विचारत होता, कडेचा तो माणूस नकोच ना? गुलाबामागून पंजा डोकावत असणार. मी म्हटलं, त्याचं नखसुद्धा दिसता कामा नये. हो हो म्हणाला. माणूस वाटला तितका मूर्ख नाही.

९ मार्च, शनिवार
बॅनर गुंडाळलेला आला. उघडला नाही. चुरगळतो. उद्या पडद्याची दोरी मीच ओढणार.
धाकट्याचा फोन. दादा, काही मदत हवी का? साळसूद! म्हटलं, वेळेवर ये आणि मागे बस.
भाषण आरशासमोर चार वेळा म्हटलं. चारही वेळा माझेच डोळे भरून आले.

१० मार्च, रविवार, दुपारी
दोरी ओढली.
आठ फुटी आई. शेजारी आठ फुटी धाकटा. खांद्यावर पंजा. गुलाब नाही. मी नाही. क्वालिटी मात्र अशी की त्याच्या दाढेतलं सिमेंट मागच्या रांगेतून दिसत होतं.
टाळ्या थांबेनात. ताई रडायलाच लागली. म्हणाली, तुम्हा दोघांचं पटत नाही असं वाटायचं, तुझं मन केवढं मोठं रे! धाकट्याने स्टेजवर येऊन मिठी मारली. सोडेना. बॅनरवाल्याला फोन लावला, तर म्हणतो, साहेब, तुम्हीच म्हणालात ना? त्या डोळे मिटलेल्याला पूर्ण उडवलाय, नखसुद्धा ठेवलं नाही.
बायकोने मोबाइल काढून बॅनरचा फोटो घेतला. ते जास्त झोंबलं.

१० मार्च, संध्याकाळी
विचारायचं होतं ते विचारलं नाही.
सगळे पांगल्यावर आई चष्मा लावून बॅनरसमोर उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, तू नव्हतास का रे त्या दिवशी?
होतो म्हटलं.
आठवत नाही बघ, म्हणाली. फोटो फार छान आलाय, हा मी माझ्या खोलीत लावणार.
बॅनर गुंडाळून धाकट्याच्या गाडीत मीच ठेवला. मावत नव्हता. मागची काच खाली करावी लागली.